टायरचं ठीक, ब्रेक पॅडचं काय?
थंडी सरतानाच्या, डांबर आणि खडी अशा दोन्ही रस्त्यांवरच्या सायकल राइडला कोणते टायर लावावेत, हा इथला प्रश्न. त्यावर ‘निम्मा रस्ता डांबरी आहे, २८ मिमीचे टायर पुरतील’ हे एकाचं मत उन्हाळ्यात पटलं असतं. थंडी सरता सरता खडीच्या रस्त्याचा वरचा थर वितळतो, खालची माती मात्र गोठलेलीच असते. पाणी मुरायला जागाच नाही, त्यामुळे कोरडी दिसणारी खडीसुद्धा चाकाखाली दबते. ३५-४० मिमी रुंदीचेच घ्या. डांबरावर थोडे मागे पडाल, पण मदतनिधीची राइड आहे, शर्यत नव्हे.

ब्रेक पॅडचा विषय मात्र कुणीच काढला नाही. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्यावरच्या धातूच्या चकतीला, म्हणजे रोटरला, पॅड दाबून थांबवणारे) असतील तर ओल्या वाळू-मातीत रेझिनचे, म्हणजे राळेसारख्या पदार्थाने बांधलेले मऊ पॅड भराभर झिजतात. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या पुडीपासून बनवलेले पॅड जास्त टिकतात. ओले झाले की किंचाळतात, ते सोसायचं. फक्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (म्हणजे रेझिनचेच पॅड चालतील) असं कोरलेलं नाही ना, ते आधी बघा.