खाडीपलीकडून प्रकाश आणता येईल का?

खाडीकाठचा बागायतदार

सर्वांना नमस्कार. वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमची हापूसची बाग आहे आणि मोसमात निम्म्याहून अधिक पेट्या इंटरनेटवर आलेल्या मागणीनुसार रवाना होतात. आमच्या वाडीत मात्र ऑप्टिकल फायबर अजून आलेले नाही. समोरच्या काठावर, म्हणजे पाण्यावरून जेमतेम दीड किलोमीटरवर, ते दोन वर्षांपूर्वीच पोहोचले. तेथून आमच्याकडे केबल आणायची तर खाडीला मोठा वळसा घालावा लागेल, असे सांगून कंपनीने हात वर केले आहेत. आमच्या बाजूचा मोबाइलचा मनोरा मायक्रोवेव्हच्या तबकडीवर चालतो, त्यामुळे मेअखेरीस वळीव कोसळू लागला की नेमक्या शेवटच्या पेट्यांच्या वेळी रेंज नाहीशी होते.

रात्री ओट्यावर बसले की दूरच्या दीपगृहाचा झोत फिरताना दिसतो. तो प्रकाश कोणत्याही तारेवाचून कित्येक मैल समुद्रावर जातो. मग माझे दोन प्रश्न आहेत. प्रकाश हवेतून इतका सहज जात असताना त्याला काचेच्या तारेत कोंडण्याची गरज मुळात का पडली? आणि समोरच्या काठावरून आमच्या वाडीपर्यंत तो तसाच, तारेवाचून, आणता येणार नाही का?

निवृत्त शिक्षक

आपल्या मनात आलेला प्रयोग १८८० मध्येच होऊन गेला आहे. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्याचा सहकारी चार्ल्स समनर टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये एका पातळ आरशावर सूर्याचा कवडसा घेतला. आरशाच्या मागे बोलले की आरसा थरथरे, त्याबरोबर परावर्तित झोत कमी-अधिक होई आणि २१३ मीटरवर ठेवलेला सेलेनियमचा घट, म्हणजे प्रकाशानुसार वीज कमी-अधिक वाहू देणारा तुकडा, टेलिफोनच्या जोडीने त्या चढउताराचे पुन्हा आवाजात रूपांतर करी. या फोटोफोनची थोरवी बेल टेलिफोनपेक्षाही अधिक मानत असे. पण ढग आला की संभाषण थांबे, आणि टेलिफोनची तांब्याची तार मात्र ढगाला भीत नव्हती.

दीपगृहाच्या दाखल्यात एक गफलत आहे, ती आधी दूर करतो. दीपगृह फारसे काही सांगतच नाही. ठरावीक सेकंदांनी ठरावीक वेळा लुकलुकून ते फक्त आपली ओळख देते, आणि तेवढ्यासाठी मूळ प्रकाशाचा अत्यल्प अंश खलाशाच्या डोळ्यापर्यंत पोहोचला तरी पुरतो. घरगुती फायबरच्या आज सर्वत्र प्रचलित असलेल्या पद्धतीत सेकंदाला सुमारे अडीचशे कोटी संकेत धाडले जातात. ते चुकीशिवाय वाचायचे तर पुरेसा प्रकाश अखंडपणे, न पसरता पोहोचला पाहिजे. वाट बंदिस्त असावी लागते ती यासाठी.

वक्र वाटेने प्रकाश नेता येतो हे जुनेच ज्ञान आहे. जिनिव्हात कोलाडोन याने १८४१ च्या सुमारास आणि लंडनमध्ये टिंडल याने १८५४ मध्ये पाण्याच्या वाकत्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला होता. अडचण काचेची होती. १९६०च्या दशकातील उत्तम काचेतही प्रकाशाची घट किलोमीटरला सुमारे १००० डेसिबल होती. डेसिबल या शब्दाला बिचकू नका, २० डेसिबल घट म्हणजे शंभरातला एक भाग उरणे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. त्या काचेत प्रकाशाचा शंभरावा भाग उरायला अवघे २० मीटर पुरत, म्हणजे आपल्या ओट्यापासून अंगणाच्या गडग्यापर्यंत. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी गणिताने दाखवून दिले की दोष काचेचा नसून काचेतल्या लोहासारख्या अशुद्धीचा आहे, आणि घट किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत उतरली तर दूरध्वनीसाठी काच उपयोगी पडेल. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी १७ डेसिबल गाठले. आजच्या फायबरमध्ये ही घट किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे शंभरावा भाग उरायला १०० किलोमीटर लागतात. रत्नागिरीहून सरळ रेषेत मालवण साधारण तेवढेच आहे. त्यापुढे जायचे असेल तर १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टन येथे डेव्हिड पेन यांच्या गटाने सिद्ध केलेला अर्बियमयुक्त फायबरचा प्रवर्धक मध्ये बसवतात. तो प्रकाशाचे विजेत रूपांतर न करता त्याचा जोर तेथल्या तेथे वाढवतो.

मोगा ते मालवण

लेखन उत्तम आहे, परंतु नरिंदर सिंग कपानी यांचे नाव आपण कसे वगळले, हे समजले नाही. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली. ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्दही त्यांनीच रूढ केला. २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मात्र काव यांना मिळाला आणि आपल्या माणसाच्या वाट्याला मरणोत्तर पद्मविभूषण आले.

निवृत्त शिक्षक

आपला आक्षेप रास्त आहे. कपानी यांचा मान मोठाच आहे, मात्र तो वेगळ्या कामगिरीचा आहे. त्यांच्या जुडग्याचे खरे चीज एंडोस्कोपीत झाले. पोटात उतरवायच्या नळीची लांबी मीटर-दोन मीटर, तेवढ्यात काचेने कितीही प्रकाश गिळला तरी डॉक्टरांचे काम भागते. काव यांचा प्रश्न किलोमीटरांचा होता. शिवाय, ‘नेचर’ नियतकालिकाच्या १९५४ च्या ज्या अंकात कपानी यांचे काम छापून आले, त्याच अंकात हॉलंडच्या व्हॅन हील यांनी तंतूला कमी अपवर्तनांकाचे, म्हणजे प्रकाशाला कमी वळवणाऱ्या पदार्थाचे आवरण द्यावे, ही कल्पना मांडली होती. त्या आवरणावाचून आजची केबल संभवत नाही, तरी त्यांचे नाव कोणी घेत नाही. नोबेलमध्ये कपानी यांनाही वाटा मिळायला हवा होता, असे माझेही मत आहे.

खाडीकाठचा बागायतदार

सर, मनःपूर्वक आभार. एक बाळबोध शंका विचारतो. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत आणि फायबरही सिलिकाचेच असते. मग ती वाळू वितळवून फायबर ओढता येईल का?

निवृत्त शिक्षक

शंका मुळीच बाळबोध नाही, कारण सारा शोध येथेच दडला आहे. वाळू कितीही पांढरी दिसली तरी तिच्यात लोहाचा अंश असतोच, आणि वितळवताना मुशीचा अंशही काचेत उतरतो. म्हणून फायबरची काच वितळवून करतच नाहीत, ती वाफेपासून घडवतात. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हा द्रव ५८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो, तर लोहाचे क्लोराइड त्या तापमानाला मागे राहते. त्यामुळे ऊर्ध्वपातनाने द्रव विलक्षण शुद्ध मिळतो. त्याची वाफ ऑक्सिजनसह तापवली की सिलिकाची काजळीसारखी भुकटी तयार होते, ती थरांनी बसवून काचेची कांडी बनवतात आणि सुमारे २००० अंशांना मऊ करून तिचा धागा ओढतात. पाण्याचा अंशही येथे वैरी आहे. काचेत हायड्रॉक्सिलचा, म्हणजे पाण्यातून येणाऱ्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा, दशलक्षांश भाग राहिला तरी १३८३ नॅनोमीटरच्या जवळचा अवरक्त प्रकाश तो गिळून टाकतो.

आपल्या किनाऱ्याचा धागा मात्र अगदीच तुटलेला नाही. १९७० च्या त्या पहिल्या फायबरच्या गाभ्यात टायटॅनियम मिसळले होते, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी आढळणारी काळी वाळू म्हणजे टायटॅनियमचेच खनिज, इल्मेनाइट. पण टायटॅनियमच्या फायबरला नंतर उष्णतेचा उपचार द्यावा लागे आणि त्याने तो ठिसूळ होई. म्हणून १९७२ मध्ये त्याच मंडळींनी जर्मेनियम घातले, घट ४ डेसिबलवर आली आणि टायटॅनियम मागे पडले.

जोडणीवाला

मी गेली बारा वर्षे फायबर जोडण्याचे काम करतो, त्यामुळे सरांच्या डेसिबलांचा हिशेब मला रोज हातांनी करावा लागतो. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ज्यातून प्रकाश जातो तो गाभा फक्त ९ मायक्रॉनचा. दोन टोके जोडताना वरचे रंगीत आवरण सोलायचे, स्पिरिटने पुसायचे, क्लीव्हर या काच तोडण्याच्या हत्याराने काटकोनात तोडायचे आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवायचे. ठिणगी पडते, पडद्यावर दोन रेघांची एक होते आणि खाली घटीचा आकडा उमटतो. तो ०.०५ च्या आत असला तर मी पुढे जातो, नाहीतर पुन्हा तोडतो. श्रावणातल्या दमट हवेत, छत्री धरून, ताडपत्रीखाली हेच करायचे म्हणजे बोटांना घाम येऊ द्यायचा नाही.

आपल्याकडे केबल महाग पडते ती काचेमुळे नव्हे, जांभ्यामुळे. चर खणायला दगड फोडावा लागतो. तो खर्च टाळण्यासाठी खांबांवरून केबल नेली तर पावसाळ्यात माडाची झावळी पडून ती तुटते. घरातली तक्रार मात्र बहुधा साध्या कारणाची निघते. गेल्या महिन्यात एका घरी राउटरवरचा दिवा लाल झाला होता. कपाट सरकवताना फायबरची पिवळी वायर भिंत आणि कपाट यांच्यामध्ये चेपली गेली होती. तंतू फार वाकला की प्रकाशाचा गाभ्याभोवतीच्या काचेच्या आवरणाशी होणारा कोन बदलतो आणि तो आत परतण्याऐवजी बाहेर निसटतो. कपाट चार बोटे पुढे घेताच दिवा हिरवा झाला. हवेतून प्रकाश धाडण्याचा अनुभव मला नाही, ते कोणीतरी सांगावे.

तांडेल

मी अनेक वर्षे जहाजावर होतो, म्हणून ते मी सांगतो. तारेवाचून प्रकाशाने खाडी ओलांडणे आज शक्य आहे. आफ्रिकेत काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल आणि दुसऱ्या काठावर किन्शासा आहे. दोहोंमध्ये पाच किलोमीटरांहून कमी अंतर असूनही केबलला सुमारे ४०० किलोमीटरांचा वळसा पडत होता. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्या त्या वेळच्या ‘तारा’ प्रकल्पाने तेथे प्रकाशाचा झोत थेट नदीवरून धाडला आणि २०२१ मध्ये २० दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट माहिती पलीकडे गेल्याचे जाहीर केले. झोत अतिशय बारीक असतो, म्हणून मनोरा वाऱ्याने हलला की आतले आरसे स्वतःच वळून नेम पुन्हा धरतात.

आपल्याकडे लोक पावसाला भितात, प्रकाशाला अधिक भीती धुक्याची आहे. मायक्रोवेव्हची तरंगलांबी सेंटिमीटरभर असते, म्हणून मिलिमीटरचे थेंब तिला अडवतात आणि धुके फारसे अडवत नाही. प्रकाशाच्या बाबतीत उलटे होते. धुक्याचे कण काही मायक्रॉनचे, म्हणजे जवळजवळ त्याच्याच तरंगलांबीच्या मापाचे, आणि असंख्य. मुसळधार पाऊसही झोताला बराच मारतो, पण दाट धुके त्याला पूर्णच विझवते.

हिशेब करायला यंत्र लागत नाही. समुद्रावर ज्याला आम्ही दृश्यमानता म्हणतो, तेवढ्या अंतरात प्रकाशाचा सुमारे पन्नासावा भाग उरतो, अशी तिची व्याख्याच आहे. समोरचा काठ दीड किलोमीटरवर आहे आणि तो अंधुक का होईना दिसतो, तर झोत पोहोचेल. दृश्यमानता ५०० मीटर झाली की पन्नासाचा भाग तीनदा घ्यावा लागतो, म्हणजे सव्वा लाखातला एक भाग उरतो, आणि तेथे संपर्क तुटेल असे धरावे. आपल्या काठावरून पलीकडची जेटी वर्षातून किती सकाळी दिसत नाही, हे कोणी मोजले आहे का?

खाडीकाठचा बागायतदार

तांडेलकाका, मोजलेले आहे, आणि तेही अजाणता. मोहोर आल्यावर धुके पडले की भुरी या रोगाची आणि तुडतुडा या किडीची भीती असते, म्हणून वडिलांच्या काळापासून फवारणीच्या वहीत धुक्याच्या प्रत्येक दिवसाची नोंद होते. धुके किती दाट होते हे ठरवायची त्यांची खूण ‘जेटी दिसली’ किंवा ‘जेटी दिसली नाही’ अशीच होती. आताच वही काढून पाहिली. गेल्या मोसमात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जेटी न दिसलेल्या सकाळी अकरा आहेत, आणि त्यांतल्या नऊ दिवशी साडेनऊपर्यंत धुके विरल्याची नोंद आहे. पेट्यांच्या मागण्या येतात त्या एप्रिल-मेमध्ये, आणि त्या दोन महिन्यांच्या पानांवर धुके हा शब्द एकदाही नाही. मेअखेरच्या वळवाचे तेवढे पाहावे लागेल. जोडणीवाले दादा, समोरच्या काठावर फायबरचा शेवटचा डबा कोणत्या खांबावर आहे, हे आपण सांगू शकाल का?