मदत हवी आहे : रिफॅम्पिसिनच्या (टीबीचं अँटिबायोटिक) प्लेटवर ई. कोलाय जिवाणूंचा लॉन (सलग थर) येतोय

अगरवाली : फ्लक्चुएशन टेस्टचं (जिवाणूंचा म्युटेशन रेट काढायचा प्रयोग) प्रॅक्टिकल परवावर आलंय. रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर मोजक्या कॉलनी याव्यात, तर पूर्ण लॉन! दोन्ही बॅचना तेच. स्ट्रेनच रेझिस्टंट झालाय का? लवकर सांगा.

पेट्रीकाकू : स्ट्रेन नंतर बघू. रिफॅम्पिसिनला दाद न देणारं, आरपीओबी जनुकातलं म्युटेशन साधारण १० कोटी पेशींत एखादं. ०.१ मिली ओव्हरनाइट कल्चरमध्ये २०-३० कोटी पेशी, म्हणजे कॉलनी बोटांवर मोजण्याइतक्या (जॅकपॉट नळी, म्हणजे म्युटेशन लवकर होऊन कॉलनी भरपूर आलेली, ती सोडून). लॉन म्हणजे औषध प्लेटमध्ये नाहीच. स्टॉक (औषधाचं दाट द्रावण) कशात केला?

अगरवाली : स्टॉक ५० मिग्रॅ/मिली, प्लेटमध्ये मिलीला ५० मायक्रोग्रॅम. अगर (प्लेटमधलं जेलीसारखं माध्यम) हाताला सोसेल इतपत गार करून घातलं.

फिरकी : ५० कमीच. रेणू मोठा, ग्रॅम निगेटिव्हच्या बाहेरच्या पटलातून सहज शिरत नाही. १०० करा. खरं तर रिफ सोडा, नॅलिडिक्सिक ॲसिड (दुसरं अँटिबायोटिक) घ्या.

पेट्रीकाकू : ५० लासुद्धा लॉन येत नाही हो. आणि नॅलिडिक्सिक विरघळायला सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, ते कोण सांगणार? अगरवाली, कशात विरघळवलं?

अगरवाली : डिस्टिल्ड वॉटर. मग ०.२२ मायक्रॉनच्या, जंतू गाळणाऱ्या फिल्टरमधून. फिल्टर लाल झाला. पावडर कॅप्सूलमधली, ४५०/३०० वाली.

निरोगी_राहा : ही कॅप्सूल रिकाम्या पोटी घ्यायची असते. लघवी केशरी होते, घाबरू नये. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, डॉक्टरांना विचारा.

फिरकी : अहो, इथे पेशंट ई. कोलाय आहे.

पेट्रीकाकू : झालं तर मग! पाण्यात रिफॅम्पिसिन मिलीला जेमतेम १-२ मिग्रॅ विरघळतं, बाकी सगळं फिल्टरवर अडकलं. कॅप्सूलमधलं ४५० मिग्रॅ रिफॅम्पिसिन, ३०० म्हणजे आयसोनियाझिड, टीबीचंच दुसरं औषध. ते पाण्यात छान विरघळतं, त्यामुळे प्लेटमध्ये मुख्यतः तेच उतरलं, आणि ई. कोलायला त्याचं काही नाही. शुद्ध पावडर आणा. ५० मिग्रॅ १ मिली डीएमएसओमध्ये (औषध विरघळवायचं द्रावक). फिल्टर करू नका, साधा सेल्युलोज नायट्रेटचा फिल्टर डीएमएसओत विरघळतो. ५०० मिली अगर ५० अंशांवर आलं की १ मिली घालून लगेच फिरवा. १०० मायक्रोग्रॅम होईल, फिरकींचंही समाधान. प्लेट फॉइलमध्ये ठेवा, उजेडाने औषध खराब होतं.

फिरकी : मिथेनॉल स्वस्त पडतं.

पेट्रीकाकू : आणि उडून जातं, स्टॉकचं प्रमाण बदलत राहतं. शिवाय ५० मिग्रॅ त्यात नीट बसत नाही.

अगरवाली : फ्रिजमध्ये डीएमएसओचा बर्फ झालाय, चालेल?

पेट्रीकाकू : १८.५ अंशांनाच गोठतं ते. बाहेर काढून वितळू द्या. आणि औषध नसलेल्या प्लेटवर कल्चरचं डायल्यूशन (पातळ केलेलं कल्चर) लावलंय ना? एकूण पेशी मोजल्या नाहीत तर म्युटेशन रेट कशावरून काढणार?