मदत हवी आहे: मायोसिसमध्ये (अंडं-शुक्राणूसारख्या पेशी बनवणारं पेशीविभाजन) नेमकं काय निम्मं होतं?

नमस्कार मंडळी, मी म्हापशाची, बीए करतेय, एनईपीमुळे (नवं शैक्षणिक धोरण) दुसऱ्या शाखेचा एक पेपर घ्यावा लागतो म्हणून बायोलॉजी घेतलं. सायन्स दहावीपर्यंतच झालंय. विषय मनापासून आवडतोय, प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड बघितली, एका पेशीत लालसर धागे दोन टोकांकडे ओढलेले स्पष्ट दिसत होते, त्यामुळे मायटोसिस (साधं पेशीविभाजन) पक्कं बसलं. अडलंय ते मायोसिसला.

एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक वाचलं, खान अकॅडमीचे व्हिडिओ बघितले, लोकरीचे तुकडे मांडूनही पाहिलं. पहिल्या विभाजनात जोडीतले क्रोमोसोम (गुणसूत्रं) वेगळे होतात, माणसात ४६ चे २३, इथवर कळतं. पण दुसऱ्यात क्रोमॅटिड (एका क्रोमोसोमच्या जोडलेल्या दोन प्रती) सुटे होऊनही आकडा २३च राहतो, मग तिथे कमी काय झालं?

पुढच्या आठवड्यात आयएसए (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) आहे, ट्यूशन शक्य नाही. पेपर इंग्लिशमधून असला तरी मराठीत किंवा कोंकणीत समजावलंत तरी चालेल, पाठांतराची युक्ती मात्र नको, मला कारण समजून घ्यायचंय. क्रोमोसोम मोजताना सेंट्रोमिअर (क्रोमॅटिड जिथे जोडलेले असतात तो भाग) मोजायचे की क्रोमॅटिड, आणि डीएनए दोन्ही विभाजनांत निम्मा होतो की एकाच?