कुक काउंटीतली निवडून येणारी पदे: कोणती ठेवावीत, कोणती एकत्र करावीत?

उत्तरकिनारा

चर्चा भरकटू नये म्हणून विषय एकाच काउंटीपुरता ठेवतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या कुक काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा), म्हणजे शिकागो शहर आणि शॉमबर्ग-स्कोकीसारखी उपनगरे मिळून, घराच्या मालमत्ता कराच्या एका बिलावर चार स्वतंत्र निवडून आलेली कार्यालये काम करतात. असेसर बाजारमूल्य ठरवतो, बोर्ड ऑफ रिव्ह्यूचे तीन सदस्य हरकती ऐकतात, काउंटी क्लर्क कराचा दर काढतो आणि ट्रेझरर बिले पाठवून, वसुली करून पैसे शाळांना आणि पालिकांना वाटतो. मधे राज्याचा महसूल विभाग सगळ्या काउंट्यांचे मूल्यांकन एका पातळीवर आणणारा समानीकरणाचा गुणक देतो, तो वेगळाच.

आकड्यांत सांगतो. घर 3,00,000 डॉलरचे. निवासी मालमत्तेला करासाठी बाजारमूल्याचे 10 टक्के धरतात, म्हणजे 30,000. गुणक 3 धरला तर 90,000. मालक स्वतः राहत असेल तर 10,000 ची सूट, उरले 80,000. दर 8 टक्के असेल तर बिल 6,400 डॉलर. गणित शाळकरी आहे, पण प्रत्येक पायरीला नोंद एका कार्यालयाच्या प्रणालीतून दुसऱ्याच्या प्रणालीत जाते. 2022 मध्ये दुसऱ्या हप्त्याची मुदत नेहमीच्या 1 ऑगस्टऐवजी थेट 30 डिसेंबरला गेली. असेसर आणि बोर्ड यांच्या संगणक प्रणालींचा मेळ न बसणे हे त्याचे मोठे कारण होते. बिले उशिरा निघाली की शाळांना पुढे येणाऱ्या कराच्या भरवशावर कर्ज उचलावे लागते आणि त्याचे व्याज शेवटी करदात्याच्याच माथी बसते.

माझे मत असे: क्लर्क आणि ट्रेझरर ही पदे एक करावीत आणि असेसर निवडून न आणता पात्रता पाहून नेमावा. इलिनॉयच्या 1970 च्या संविधानात काउंटीभर सार्वमत घेऊन पद रद्द करण्याची सोय आहे. ती आपण वापरलीही आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये दस्त नोंदणीचे, म्हणजे रेकॉर्डर ऑफ डीड्सचे पद क्लर्कमध्ये विलीन करायला मतदारांनी संमती दिली आणि 7 डिसेंबर 2020 पासून ते अमलात आले.

जुनेखत

2016 चा निर्णय बरोबर होता, पण त्याचा दाखला इथे लागू पडत नाही. रेकॉर्डरचे काम बरेचसे आपल्याकडच्या दुय्यम निबंधकासारखे: खरेदीखत, गहाणखत, बोजा चढवणे-उतरवणे. दस्तावर मालमत्तेचे वर्णन, चौदा आकडी मालमत्ता क्रमांक, दस्त कोणी तयार केला त्याचे नाव-पत्ता आणि नोटरीची सही असेल, शुल्क भरले असेल, तर तो नोंदवून घ्यावाच लागतो. सही खरी आहे का, हे तपासण्याचा अधिकार त्या खिडकीला नाही. जिथे स्वतःच्या विवेकाला वाव नाही, तिथे निवडणूक कशावर लढवायची? मालमत्ता क्रमांक आणि करनकाशे आधीपासून क्लर्ककडेच होते, त्यामुळे जोडणी स्वाभाविक होती.

क्लर्क-ट्रेझररचे तसे नाही. किती यायला हवे हे क्लर्क काढतो, किती आले ते ट्रेझरर सांगतो. कर थकला की दरवर्षीची करविक्री (थकीत कराचा लिलाव) ट्रेझरर करतो, पण मालकाला मालमत्ता सोडवून घ्यायची असेल तर रक्कम क्लर्ककडे ठरते आणि तिथेच भरावी लागते. हिशेब मांडणारा आणि गल्ला सांभाळणारा वेगळा ठेवण्याचा हा साधा नियम आहे. दोन्ही वह्या एकाच हाताखाली गेल्या तर चूक पकडायला बाहेरचे डोळे उरत नाहीत.

उत्तरकिनारा

दोन वह्या हव्यात हे मान्य, पण त्यासाठी दोन निवडणुका कशाला? एकाच कार्यालयात दोन विभाग, वेगवेगळे सहीचे अधिकार आणि बाहेरचे लेखापरीक्षण ठेवता येते. टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टन काउंटीने 2023 मध्ये ट्रेझररचे पदच रद्द केले. तिथला ट्रेझरर स्वतःच ते पद बंद करण्याचे आश्वासन देऊन निवडून आला होता. त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती लागली, म्हणजे राज्यभरात बहुमत आणि गॅल्व्हेस्टनमध्येही बहुमत. दोन्ही मिळाले.

सांताक्लारावासी

कॅलिफोर्नियातून लिहितोय. विलीनीकरणात काय बिघडू शकते याचे सर्वात गंभीर उदाहरण इथले आहे, म्हणून जरा सविस्तर.

इथल्या 58 पैकी 48 काउंट्यांत शेरीफ (काउंटीचा पोलिसप्रमुख) आणि कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा) ही दोन पदे एकत्र असत. कारण खर्चाचे: लहान काउंटीत संशयास्पद मृत्यू कमी, वेगळे कार्यालय परवडत नाही आणि घटनास्थळी शेरीफची माणसे तशीही पोचतात. पण कॉरोनरचा खरा अधिकार मृत्यूचा प्रकार ठरवण्यात आहे: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, की अनिश्चित. शवविच्छेदन डॉक्टर करतो, पण प्रमाणपत्रावरचा तो शब्द अनेक ठिकाणी शेरीफ-कॉरोनरच्या अखत्यारीत राहिला. आता मृत्यू शेरीफच्याच तुरुंगात किंवा त्याच्याच शिपायांच्या झटापटीत झाला असेल तर?

सॅन होकीन काउंटीत 2017 च्या अखेरीस डॉ. बेनेट ओमालू आणि डॉ. सुझन पार्सन या दोन पॅथॉलॉजिस्टांनी राजीनामे दिले. पोलिसांच्या ताब्यातील मृत्यूंच्या निष्कर्षांत शेरीफ ढवळाढवळ करतात, असा त्यांचा आरोप होता. शेरीफने तो फेटाळला. पण 2018 मध्ये काउंटीच्या सुपरवायझरांनी (कारभारी मंडळाने) मेडिकल एग्झामिनरचे, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या नेमलेल्या डॉक्टरचे, स्वतंत्र कार्यालय करायचे ठरवले आणि त्याच वर्षी शेरीफ निवडणूक हरले. सांता क्लारा काउंटीने त्याआधीच, 2016 मध्ये, हे काम शेरीफकडून काढून घेतले होते. मोठ्या काउंट्यांना तशी सक्ती करणारे विधेयक मात्र 2018 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले.

म्हणून माझी कसोटी एकच: एका पदाने दुसऱ्या पदाच्या कामाचा निवाडा कधीतरी करायचा आहे का? असेल, तर ती दोन पदे एका माणसाकडे देऊ नयेत, वाचणारा पैसा कितीही असो.

जुनेखत

हे उदाहरण पटणारे आहे. कुक काउंटीने कॉरोनरचे निवडणुकीचे पद मोडून 1976 मध्ये मेडिकल एग्झामिनर नेमायला सुरुवात केली. म्हणजे जिथे शास्त्र लागते तिथे नेमणूक, हे इथेही पन्नास वर्षांपूर्वी मान्य झाले आहे.

उत्तरकिनारा

मग ट्रेझररलाही तोच न्याय लावा. कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी, 1994. निवडून आलेले ट्रेझरर रॉबर्ट सिट्रन यांच्याकडे सुमारे साडेसात अब्ज डॉलरचा सामायिक निधी होता. रोखे तारण ठेवून त्यावर आणखी कर्ज उचलत त्यांनी गुंतवणूक 20 अब्जांच्या वर नेली. व्याजदर खाली राहतील यावर सगळा डाव होता. त्या वर्षात फेडरल रिझर्व्हने दर 3 टक्क्यांवरून साडेपाचवर नेले. निधीला सुमारे 1.6 अब्ज डॉलरचा खड्डा पडला आणि डिसेंबरमध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. असले काम मतपेटीतून निवडायचे?

पाणंद

त्याच हकिगतीचा दुसरा अर्धा भाग सांगायलाच हवा. जून 1994 च्या निवडणुकीत सिट्रन यांचे प्रतिस्पर्धी जॉन मूरलाक यांनी नेमका याच गुंतवणुकीचा धोका जाहीरपणे मांडला होता. मतदारांनी ऐकले नाही हे खरे, पण निवडणूक नसती तर तो प्रश्न कोणत्या व्यासपीठावर आला असता? नेमलेल्या अधिकाऱ्याच्या वहीवर बाहेरच्या लेखापालाने बोट ठेवायचे ठरवले तर त्याला दार कोण उघडणार?

असेसरबद्दलही हेच. 2017 मध्ये शिकागोच्या वृत्तपत्राने आकडेवारीनिशी दाखवले की स्वस्त घरांचे मूल्यांकन प्रमाणाबाहेर चढे आणि महागड्या घरांचे कमी होत होते. कराची एकूण रक्कम शाळा-पालिका ठरवतात, असेसर फक्त कोणाच्या वाट्याला किती ते ठरवतो. म्हणजे एकाची सवलत हा शेजाऱ्याचा बोजा. मार्च 2018 च्या प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकीत मतदारांनी तेव्हाचे असेसर जोसेफ बेरिओस यांना घरी बसवले आणि फ्रिट्झ केगी निवडून आले. असेसर काउंटी अध्यक्षाने नेमलेला असता तर करदात्याच्या हाती हा इलाज नव्हता.

उत्तरकिनारा

बेरिओस 2010 मध्ये निवडून आले होते. इलाज लागू पडायला दोन कार्यकाळ गेले आणि तोवर गरीब वस्त्यांनी जास्त भरलेला कर परत मिळाला नाही. शेजारच्या ड्यूपेज काउंटीत सुपरवायझर ऑफ असेसमेंट्स नेमलेला असतो. तिथे आकाश कोसळलेले नाही.

पाणंद

ड्यूपेजचा दाखला अर्धवट आहे. तिथे घराघराचे मूल्यांकन नऊ टाउनशिपचे (काउंटीतल्या छोट्या विभागांचे) असेसर करतात आणि ते निवडून येतात. नेमलेला सुपरवायझर टाउनशिपांमधला फरक समान करतो. पण त्या टाउनशिप असेसरांकडून घेण्यासारखी एक गोष्ट जरूर आहे: राज्याने ठरवलेली मूल्यांकनाची पात्रता उमेदवारी अर्ज भरण्याआधीच मिळवावी लागते. निवडणूक ठेवून पात्रतेची अट आणखी कडक करता येते, हा मार्ग तुम्ही विचारात घेतलाच नाही.

दप्तरी

कोणी कालावधीबद्दल बोलले नाही. 2016 ला सार्वमत, 2020 ला अंमल, एवढी चार वर्षे का? कारण रेकॉर्डरची निवडणूक त्याच मतपत्रिकेवर होती आणि निवडून आलेला कार्यकाळ पुरा होऊ द्यावा लागला. त्या चार वर्षांचा उपयोग दोन्हीकडचे दस्त क्रमांक, पावत्यांची पद्धत, कर्मचाऱ्यांच्या श्रेणी आणि युनियनचे करार जुळवण्यासाठी करता येतो. ते टाळले तर फलक एक होतो आणि खिडक्या दोनच राहतात. बचतही मोजून बोलावी. एक पदाधिकारी, त्याचे दोन-तीन उपप्रमुख, प्रवक्ता, विधी सल्लागार एवढाच पगार वाचतो. दस्त तपासणारे हात तेवढेच लागतात.

तरी मी पदे कमी करण्याच्या बाजूने आहे, आणि कारण पैसा नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये कुकच्या मतपत्रिकेवर पदावर कायम ठेवायचे की नाही असे सत्तरहून अधिक न्यायाधीश होते. अशा गर्दीत ट्रेझररसारख्या पदाच्या कामाची चौकशी करून मत देणारे फार थोडे. उत्तरकिनारा, बिलाचा उशीर हा तुमचा मूळ मुद्दा असेल तर क्लर्क-ट्रेझरर एक करून तो सुटणार नाही. 2022 ची अडचण असेसर आणि बोर्ड यांच्यामध्ये होती, आणि बोर्डाने असेसरचाच निवाडा करायचा असल्यामुळे ती दोन पदे एक करता येत नाहीत. तिथे चारही कार्यालयांना एकच मालमत्ता नोंदवही वापरणे बंधनकारक हवे, आणि तो बदल पूर्ण करण्याची तारीख काउंटी बोर्डाने (काउंटीच्या कारभारी मंडळाने) अंदाजपत्रकातल्या तरतुदीला बांधून द्यायला हवी.

उत्तरकिनारा

नोंदवहीचा मुद्दा मान्य, क्लर्क-ट्रेझररचा आग्रह सोडतो. असेसरच्या नेमणुकीवर मात्र ठाम आहे: पात्रतेची अट कितीही कडक केली तरी प्रचाराचा पैसा मूल्यांकनाच्या हरकती लढवणाऱ्या वकिलांकडून येण्याची वाट मोकळीच राहते.

पाणंद

मग ती वाट बंद करा. देणग्यांची मर्यादा काउंटीच्या अध्यादेशानेही घालता येते, त्यासाठी मताचा अधिकार काढून घ्यायची गरज नाही.