पेसमेकर बसवल्यावर खांदा आणि दंड ठणकतोय, नॉर्मल आहे का?

माणदेशी_लेक: आईला (वय ६७) पेसमेकर बसवून आज १९ दिवस झाले. जखम सुकलीये, ताप नाही, मशीन चेक केलं ते पण ओके. पण डावा खांदा आणि दंड इतका ठणकतो की रात्री कूस बदलता येत नाही. डिस्चार्जच्या वेळी "हात वर करायचा नाही, वायर हलेल" एवढंच सांगितलं आणि ते तिने इतकं मनावर घेतलंय की हात पोटाशी धरूनच बसते, पदरसुद्धा उजव्या हाताने सावरते, वेणी मी घालतीये. शेजारच्या काकू म्हणतात कोमट तेलाने चोळ. चोळू का?

नाना_६२: नको हो ताई, मशीनच्या आसपास तर अजिबात चोळू नका. माझीपण हीच गत झाली होती. भीतीपोटी दीड महिना हात झोळीत, जखमेचं दुखणं पंधरा दिवसात गेलं पण खांदा असा आखडला की शर्टाच्या बाहीत हात घालायला बायको लागायची, नंतर तीन महिने फिजिओकडे चकरा. ते दुखणं पेसमेकरचं नव्हतंच, मीच ओढवून घेतलेलं.

फिजिओ_कोल्हापूर: नानांचं बरोबर आहे. वायर शिरेतून हृदयात जाते आणि तिचं टोक आत पक्कं बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून तोवर कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, झटका द्यायचा नाही, भरलेली बादली उचलायची नाही, दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. पण खांद्याच्या खाली हात हलवायचाच! जेवण, भाजी निवडणं, कोपर वाकवणं-सरळ करणं, मूठ उघडझाप, सगळं चालतं. झोपताना उताणं आणि डाव्या दंडाखाली पातळ उशी. ब्लाउज पुढून हुकचा घाला, ब्राचा पट्टा जखमेवर घासत असेल तर तेही एक कारण असतं, बायका सांगत नाहीत. तरी एकदा तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच सुरू करा.

गोळ्यावाला: मेडिकल दुकान आहे माझं म्हणून सांगतो, दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते पण तीही विचारूनच. आणि हात सुजलाय का ते बघा, दोन्ही दंड शेजारी ठेवून. सूज, निळसरपणा, जखमेतून पू, ताप, चक्कर यातलं काही असलं तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

माणदेशी_लेक: सगळ्यांना थँक्यू. टेप लावून दोन्ही दंड मोजले, सारखेच आहेत. पट्ट्याचं विचारलं तर म्हणाली हो, पहिल्या दिवसापासून टोचतोय, तुला काय सांगायचं! आत्ता लसूण सोलायला बसवलीये, दोन्ही हातांनी. उद्या डॉक्टरांना फोन करते.