अलार्म आणि दरवाजे एकाच पॅनलवर घ्यावेत का?

चटईवाला, जळगाव एमआयडीसी
ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय: "अलार्म स्वस्तातला घ्या, अ‍ॅक्सेस (कार्डाने दार उघडायची सिस्टिम) स्वस्तातलं घ्या, पीसीवर सॉफ्टवेअरने जोडा, झालं इंटिग्रेशन." डोकं फिरलं वाचून. सकाळी सुपरवायझर कार्ड लावतो, तेव्हा दार उघडताना त्या भागाचा अलार्मही बंद झाला पाहिजे. हा निर्णय पॅनलच्या, म्हणजे भिंतीवरच्या कंट्रोल डब्याच्या, आतच व्हायला हवा. मध्ये ऑफिसचा पीसी असला आणि तो बंद पडला, की दार उघडेल आणि सायरन बोंबलेल. असं चार वेळा झालं की लोक अलार्म लावणंच सोडतात. संध्याकाळी मागचं शटर उघडं असेल, तर पॅनलने आर्म व्हायला, म्हणजे अलार्म चालू करायला, नकार दिला पाहिजे. झोन (अलार्मचे भाग) किती, कार्डं किती हे नंतर विचारा. आधी डीलरला नेट आणि पीसी दोन्हींच्या वायरी काढायला लावा आणि काय चालतं ते बघा.

सराफ गल्ली
साफ नामंजूर. एकच पॅनल घेतलं आणि बोर्ड जळाला, की दारही गेलं आणि अलार्मही. आमच्याकडे पहिल्याच वळवाच्या पावसात बोर्ड उडाला. कंपनीचा माणूस पुण्याहून येईपर्यंत घरची माणसं दुकानात झोपली. आमच्याकडे सोनं असतं, चटया नव्हे.

चटईवाला
चटयांवर घसरू नका. प्रत्येक दाराचा कंट्रोलर स्वतःच्या मेमरीत कार्डं ठेवतो अशी पॅनलं मिळतात; मुख्य बोर्ड गेला तरी दारं चालतात. आणि अर्थिंग कच्चं असेल तर दोन वेगळे बोर्डसुद्धा एकाच विजेत जातील.

वायरमन, भुसावळ
तुम्ही बोर्डावरून भांडताय, इथे बॅटरी मरते! कंपनी बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरते, आणि वर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या पुढे पारा आणि पॅनल पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला! बॅटरी फुगून डब्यात अशी रुतते की पेचकसाने उपसून काढावी लागते. त्यात ७ एएचच्या (अँपिअर-अवरच्या) एका बॅटरीवर दोन ईएम लॉक, म्हणजे वीज असेपर्यंतच दार धरून ठेवणारी चुंबकी कुलपं. ६०० पौंडी लॉक १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर ओढतं. पॅनल, कार्ड रीडर धरले तर नवी बॅटरीसुद्धा सहा तास पुरत नाही. लॉकला वेगळा पॉवर सप्लाय हवाच.

सराफ गल्ली
म्हणजे बॅटरी उतरली की दार सताड उघडं? मग ईएम लॉक हवंच कशाला? लाईट गेल्यावर बंदच राहणारं लॉक लावा, सगळीकडे.

सावद्याची ताई
सगळीकडे? माझा भाऊ रात्रपाळीला होता. गोदामात धूर झाला, रीडर चालेना, चावी मॅनेजरच्या घरी. खिडकीची जाळी तोडून माणसं बाहेर आली, भावाच्या हातावर अजून व्रण आहेत. बाहेर पडायचं दार आतून चावीशिवाय उघडलंच पाहिजे, नॅशनल बिल्डिंग कोडही तेच सांगतो. दादा, तुम्हाला फक्त तिजोरी दिसते.

सराफ गल्ली
ताई, माणसं कोंडा असं मी म्हटलेलं नाही, उगाच आरोप नको. लाईट गेल्यावर बंद राहणारं स्ट्राइक लॉक (चौकटीत बसणारं विजेचं कुलूप) बाहेरून बंद राहतं, आतून हँडल दाबलं की उघडतं. त्याला लाईट लागत नाही.

वायरमन, भुसावळ
तुमनं खरं शे, पण हे आधीच लिहायचं ना! "सगळीकडे बंद लॉक" एवढंच वाचून कुणीतरी तसंच लावून मोकळा होईल. आणि जिथे ईएम लॉक आहे, तिथे फायर अलार्मच्या पॅनलमधल्या रिलेने (आपोआप चालणाऱ्या स्विचने) लॉकचा सप्लाय थेट वायरने तोडा. सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका.

केळीवाला, रावेर
आमच्या कोल्ड स्टोरेजच्या पॅनलचा डायलर (अलार्म वाजला की फोन लावणारा भाग) २जी निघाला, त्यात जिओचं सिम चालतच नाही. कोटेशनमध्ये याचा शब्द नव्हता. तेही बघून घ्या.

सराफ गल्ली
बरं, एकच पॅनल घेतो. पण ज्याचा स्पेअर बोर्ड जळगावात कपाटात तयार असेल त्याचंच. फीचर कितीही असोत.

चटईवाला
एवढं मान्य. इन्स्टॉलर कोडही (पॅनलची सेटिंग बदलायचा पासवर्ड) लेखी घ्या. आमचा जुना डीलर तो न देताच धंदा बंद करून गेला. पॅनल धडधाकट होतं, पण एक कार्ड वाढवता येईना.