शहर वाढते, पण रस्ते एकमेकांना का मिळत नाहीत?

नऱ्हेकर : आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडेच मुलीची शाळा आहे. मधल्या सुट्टीची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येते, पण शाळेत पोहोचायला मुख्य रस्त्याने दीड किलोमीटरचा वळसा पडतो. माझे बालपण सदाशिव पेठेत गेले; तिथे एक बोळ अडला तर दुसऱ्याने निघता येई. शहर पसरले की असे होणे अटळच आहे काय?

आखणीदार : अटळ नाही; हा आखणीच्या क्रमाचा परिणाम आहे. शिवाजीनगर, म्हणजे जुन्या भांबुर्ड्यात, नगररचना योजनेने आधी रस्ते आखले आणि मग भूखंड पाडले. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत तुमचे नऱ्हे दुसऱ्या खेपेचे. तोवर तिथे शेताच्या एकेका गटावर स्वतंत्र ले-आउट मंजूर होऊन इमारती उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येकाचा अंतर्गत रस्ता स्वतःच्या हद्दीपाशी संपतो, कारण शेजारच्या गटातल्या रस्त्याशी तो जुळवण्याची जबाबदारी कोणावरच नसते. जोडणारा डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, नकाशावर असतो, पण मधल्या एका तुकड्याचे भूसंपादन रखडले की तोही तिथेच अडतो.

पायी_पुणेकर : ही जोडणी मोजता येते: एका चौकात किती रस्ते मिळतात, किती रस्ते पुढे बंद आहेत आणि सरळ अंतराच्या किती पट चालावे लागते. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांच्या २०१५ च्या अभ्यासात अमेरिकेतील नव्या रस्त्यांची जोडणी १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ढासळत गेली आणि पुढे सुधारू लागली, असे दिसते. म्हणजे धोरणाने दिशा बदलू शकते. इमारत पन्नास वर्षांनी पाडून नवी बांधतात, रस्त्याची रेघ मात्र शतकानुशतके टिकते. म्हणून पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माणप्रमाणे जमिनी एकत्र करून रस्ते आधी काढणाऱ्या नगररचना योजना, बांधकाम सुरू होण्यापूर्वीच, उरलेल्या गावांत व्हायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे.

आखणीदार : सहमत. जिथे इमारती झाल्या आहेत तिथे मोटारींसाठी नवा रस्ता काढणे फार कठीण आहे, पण पादचाऱ्यांपुरती वाट बहुधा निघू शकते.

नऱ्हेकर : वाड्याच्या मोठ्या दरवाजाला असे तशी दिंडी, म्हणजे माणसापुरते छोटे दार, आमच्या भिंतीतही ठेवता येईल. सर्वसाधारण सभेत तसा ठराव मांडणार आहे. सुरक्षेची हरकत नक्की निघेल. शाळेच्या वेळेपुरतेच दार उघडे ठेवण्याची व्यवस्था कोणाच्या सोसायटीत असल्यास कुलूपकिल्ली कोणाकडे असते, ते कृपया कळवावे.